घराण्याची गोष्ट आणि बाईची सही

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कॉमर्सचे कपाट आणि इंग्रजी कादंबऱ्यांचे कपाट पाठीला पाठ लावून उभे आहे. गेल्या वर्षी कॉस्टिंगचे पुस्तक शोधता शोधता मी पलीकडच्या बाजूला गेले आणि परत आले ती एक जाड कादंबरी घेऊन. ग्रंथपालांनी शिक्का मारताना एकदा पुस्तकाकडे व एकदा माझ्याकडे पाहिले आणि 'परीक्षा कधी आहे?' एवढेच विचारले. वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

कॅथरिन बॅनर या इंग्रज लेखिकेची ती कादंबरी, 'द हाउस अॅट द एज ऑफ नाइट', २०१६ साली प्रसिद्ध झाली. भूमध्य समुद्रात सिसिलीजवळ कास्तेल्लामारे नावाचे एक चिमुकले बेट आहे, अशी लेखिकेने कल्पना केली आहे. नकाशात ते शोधायला जाऊ नये. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे आमेदेओ एस्पोझितो नावाचा एक डॉक्टर येतो. तो अनाथालयात वाढलेला. 'एस्पोझितो' हे आडनावच मुळी तिकडे टाकून दिलेल्या मुलांना देत असत. म्हणजे ज्याला स्वतःला घराणे नाही, त्याच्यापासूनच घराणे सुरू होते! तो एक पडके घर घेतो व त्यात बार थाटतो. आपल्याकडच्या अंधाऱ्या बारसारखा तो नव्हे. कॉफी, गोडधोड, दारू आणि गावगप्पा हे सारे तिथे एका छपराखाली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे, थेट २००८ नंतरच्या आर्थिक पडझडीपर्यंत, लेखिका त्या घराचा उंबरठा सोडत नाही. डॉक्टरचे तिन्ही मुलगे युद्धावर जातात, आणि गल्ल्यावर उभी राहते ती मुलगी.

अशा कादंबरीला आपण पिढ्यांची कादंबरी किंवा घराण्याची कादंबरी म्हणू. साध्या कादंबरीचा नायक मेला की गोष्ट संपते. इथे तो मेला की गोष्ट खरी सुरू होते. कारण नायक माणूस नसतोच. नायक असते ते घर, किंवा शेत, किंवा होडी. जे आजोबांच्या हातून नातवाच्या हाती जायचे असते आणि जाता जाता कुठेतरी अडकते. लेखकांना बेट का आवडते, तेही मला यातून उमगले. बेट म्हणजे बंद केलेली खातेवही. आत आलेला माणूस बोटीने येतो, गेलेला बोटीने जातो; जमा कोण, खर्च कोण, हे लपून राहत नाही. शहरात भांडलेले भाऊ दोन गल्ल्यांत राहून एकमेकांना विसरू शकतात, बेटावर त्यांना एकाच विहिरीवर यावे लागते. त्यासाठी चारी बाजूंनी पाणीच हवे असे मात्र नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पुढे समुद्र आणि मागे खाडी किंवा डोंगर असलेली कितीतरी गावे आहेत. पावसाळ्यात ती बेटेच होत असत.

हे सारे 'वा, छान आहे' म्हणून मी मिटून ठेवले असते. पण त्याच सुमारास आमच्या घरी एक कागद आला, आणि मी आणखी तीन-चार अशा कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या. कागदाची हकिगत शेवटी सांगते. आधी पुस्तके.

पहिली सिसिलीचीच. जोव्हान्नी व्हेर्गा या लेखकाची 'ई मालाव्होल्या' ही कादंबरी १८८१ सालची. मी अर्थात इंग्रजीतून वाचली. आची त्रेत्सा या कोळ्यांच्या गावात म्हातारा न्तोनी आपल्या कुटुंबासह राहतो. त्याच्या नातवाचे नावही न्तोनीच, कारण तिकडेही आपल्यासारखेच आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. त्यांची एक होडी आहे, तिचे नाव 'प्रोव्विदेंत्सा', म्हणजे ईश्वरी कृपा. म्हातारा गावच्या सावकाराकडून उधारीवर एका कडधान्याचा माल घेतो, दूरच्या बाजारात विकून चार पैसे करावे म्हणून. वादळ येते. माल बुडतो, आणि होडीबरोबर गेलेला म्हाताऱ्याचा मुलगाही बुडतो. कर्ज मात्र बुडत नाही! कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला शिकवतात की उधारीवर विकलेला माल एकदा घेणाऱ्याच्या ताब्यात गेला की त्याची जोखीम घेणाऱ्याची. हे वाक्य मी दहा वेळा लिहून पाठ केले होते, पण त्याचा अर्थ या कादंबरीत कळला.

आता यातली बारीक गोष्ट पाहा. कुटुंब वकिलाकडे जाते. वकील म्हणतो, घाबरू नका, घराला सावकार हात लावू शकत नाही. कारण घरावर सुनेच्या हुंड्याचा बोजा आहे. म्हणजे आपल्याकडच्या स्त्रीधनासारखा तिचा हक्क आधी, मग बाकीचे. ती सून, मारुत्सा, त्याच वादळात विधवा झालेली आहे. पण म्हाताऱ्याला दिलेल्या शब्दाची लाज वाटते, आणि गावातले शहाणे लोक तिला समजावतात की तू आपला हक्क सोड. ती सोडते. एका सहीने घराभोवतीची भिंत पडते. पुढे घर जाते, पुष्कळ वर्षांनी धाकटा नातू ते परत मिळवतो. पण तोवर मारुत्सा कॉलऱ्याने गेलेली असते. या कादंबरीवर लुकीनो व्हिस्कोन्ती या दिग्दर्शकाने १९४८ साली चित्रपट काढला आणि त्यात नट न घेता त्याच गावचे कोळी घेतले. समीक्षक व्हेर्गाच्या वास्तववादावर फार लिहितात. त्या सहीवर कोणी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कन्नड विभागातल्या मित्रमैत्रिणींना हे नाव सांगायला नकोच, पण मराठी विभागाच्या वाचकांसाठी सांगते: शिवराम कारंत (१९०२–१९९७) यांची 'मरळि मण्णिगे' ही १९४१-४२ च्या सुमाराची कादंबरी. नावाचा अर्थ 'पुन्हा मातीकडे'. कारंत उडुपीजवळच्या कोटचे; १९७७ साली त्यांना ज्ञानपीठ मिळाले ते 'मूकज्जिय कनसुगळु' या कादंबरीसाठी, पण मला विचाराल तर त्यांचे मोठे पुस्तक हेच. मी मराठी शाळेत शिकले, कन्नड गल्लीत आणि बसमध्ये शिकले. त्यामुळे पहिली पन्नास पाने मला तीन आठवडे पुरली. किनाऱ्याकडचे कितीतरी शब्द माझ्या धारवाडच्या मैत्रिणीलाही अडले, तेव्हा कुठे मला जरा धीर आला.

कोडी नावाचे गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदीचे पाणी, मध्ये वाळूची पट्टी. बेटच की! तिथे राम ऐताळ नावाचा भिक्षुक राहतो. घरात बायको पार्वती आणि बालविधवा बहीण सरस्वती. ऐताळ पूजा सांगतो, दक्षिणा आणतो, आणि पै-पैशाचा हिशेब ठेवतो. घर चालते ते मात्र या दोन बायकांच्या अंगावर. भाताची लावणी, वाळूत भाजीपाल्याचे वाफे, गुरे, उन्हाळ्यात पाणी शिंपणे, आणि पावसाळ्यात पुराबरोबर वाहत आलेली लाकडे पाण्यात उतरून ओढून काढणे. ते लाकूड वाचताना माझ्या मनात कॉस्टिंगचाच विचार आला. ज्याची खरेदी नाही, पावती नाही, मजुरी नाही, असे सरपण वर्षभर चुलीत जळते. ऐताळाच्या वहीत ते कुठल्या खात्यावर लिहायचे? कुठेच नाही. म्हणून वहीत ऐताळ श्रीमंत होत जातो आणि त्याला वाटते की हे आपल्या काटकसरीने झाले.

मूल नाही म्हणून ऐताळ दुसरे लग्न करतो, घरातल्या दोघींना विश्वासात न घेता. सरस्वतीला राग येतो तो भावजयीच्या बाजूने, आणि तो राग कारंत मोठ्याने बोलू देत नाहीत. ती भांडी जरा जोरात ठेवते, एवढेच म्हणा ना. धाकटी सत्यभामा हिला मुलगा होतो, लक्ष्मीनारायण ऊर्फ लच्च. शेजारच्या शीनमय्यची मुले बेंगळूरला हॉटेल काढून पैसे पाठवीत असतात, त्यांचे घर वाढत असते. ऐताळाला ते बघवत नाही. आमच्या हुबळीत उडुपी हॉटेलात डोसा खाल्ला नाही असा माणूस सापडणार नाही, पण त्या डोशाचा पैसा कुठल्या खेड्यात जाऊन कोणाच्या छपरावर चढला आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात कसा सलला, हे मला कारंतांनी सांगितले. हॉटेल हलके काम, म्हणून ऐताळ मुलाला इंग्रजी शिकवायला बाहेरगावी पाठवतो. मुलगा शिकतो ते जुगार आणि बाईबाटलीचे. दुखणे घेऊन घरी येतो, ते दुखणे बायकोला देतो. तिचे नाव नागवेणी. तिची मुले दगावतात.

मुलाची लक्षणे ओळखून म्हातारा ऐताळ शेवटी एक शहाणपणाची गोष्ट करतो. मालमत्ता मुलाच्या नावे न ठेवता सुनेच्या नावे करतो. भिक्षुकाने पाहा कसा कंपनीच्या वकिलासारखा विचार केला: माणूस बुडाला तरी भांडवल तरावे. पण लच्च काही वर्षांनी गोड बोलत घरी येतो. नवरा सुधारला या आशेवर नागवेणी त्याच्यावर विश्वास टाकते, आणि जमीन हातची जाते. मारुत्साला गावाने समजावले, नागवेणीला नवऱ्याने. सिसिलीचा लेखक कारंतांनी वाचला होता की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. जिथे जिथे घर बाईच्या कष्टावर उभे आणि पुरुषाच्या नावावर असते, तिथे तिथे ही सही येणारच. (एक गंमत अशी की त्याच जिल्ह्यात बंट वगैरे समाजांत अळियसंतान पद्धत होती, तिच्यात वारसा बहिणीच्या बाजूने चालत असे. ऐताळाच्या कुळात ती नव्हती. एका बांधाच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा!)

नागवेणीला उरतो एक मुलगा. त्याचे नाव आजोबांचेच, राम. तो शिकतो, सत्याग्रहात तुरुंगात जातो, मद्रासला आणि मुंबईला नोकरीसाठी वणवण करतो, आणि शेवटी कोडीला परत येऊन जमीन कसायला लागतो. पुष्कळांना हा शेवट भाबडा वाटतो. मलाही आधी वाटला. पदवीधर बेकार मुलाने परत शेतात जावे हा उपदेश ऐकायला आजकाल कोण तयार आहे? पण पुन्हा वाचताना लक्षात आले की परत यायला काही उरले होते म्हणून तो परत आला. ते कोणी उरवले? नागवेणीने, आणि तिच्याआधी पार्वती-सरस्वतीने. मातीकडे परत तो गेला. त्या तिघी मातीवरून हलल्याच नव्हत्या.

मराठीत या जातीची सर्वांत मोठी कादंबरी म्हणजे 'तुंबाडचे खोत', १९८७ साली दोन जाडजूड खंडांत आलेली. लेखक श्रीपाद नारायण पेंडसे (१९१३–२००७), जन्म दापोली तालुक्यातला, नोकरी मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये. 'गारंबीचा बापू' त्यांचीच, आणि साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेली 'रथचक्र'ही. २०१८ साली 'तुंबाड' नावाचा भुताखेतांचा हिंदी चित्रपट आला, त्याची कथा निराळी आहे. तो पाहून कादंबरी वाचल्याची ऐट आणणारे माझ्या वर्गात दोघे आहेत. कादंबरीतले तुंबाड जगबुडी नदीच्या काठी. तिथल्या खोत घराण्याच्या चार-पाच पिढ्या, पेशवाई बुडाल्यानंतरच्या काळापासून स्वातंत्र्याच्या काळापर्यंत, एका वाड्यात उगवतात आणि मावळतात. सत्ता, सूडबुद्धी, वेड, पश्चात्ताप, सगळे मोठ्या मापाचे. कारंतांचा ऐताळ आणे मोजतो, पेंडशांचे खोत माणसे मोजतात.

खोती म्हणजे काय ते आमच्या पिढीला सांगावे लागते. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची. कुळांकडून तो धान्याच्या वाट्याने वसूल करी आणि मधला फरक त्याचा. शिवाय वेठ वेगळी, म्हणजे खोताच्या घरची फुकट कामे. ही खोती वंशपरंपरेने चाले आणि भाऊबंदांत तिचे हिस्से पडत. मग वसुलीचे काम कोणी करायचे याच्या पाळ्या लावाव्या लागत. भागीदारी संस्थेचे सगळे तंटे त्यात आले, फक्त भागीदारीचा करार नव्हता, रक्त होते. त्यामुळे कादंबरीकाराला खोताचे घर म्हणजे आयतेच रणांगण.

तरी मला एक तक्रार मांडायची आहे, आणि पेंडसे आवडत असूनच मांडायची आहे. कादंबरीचा डोळा वाड्यात आहे. वाड्याबाहेर त्याच काळात काय चालले होते? अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. सहा वर्षे! पिढीचा काही भागच तो. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ साली. त्या कुळांच्याही चार पिढ्या होत्या. आजोबांचे नाव त्यांनीही नातवाला ठेवले असेल. पण ज्याच्याकडे वाडा नाही, दस्तऐवज नाहीत, त्याच्या घराण्याची कादंबरी लिहायला कोणती वही उघडायची? घराण्याची कादंबरी हा प्रकारच थोडा मालकांच्या बाजूचा आहे, असे मला वाटू लागले आहे. व्हेर्गाची कादंबरी त्याला अपवाद. म्हणून ती दीडशे वर्षांच्या आसपास पोचली तरी जुनी वाटत नाही.

एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'चा (१९६५) उल्लेख केल्याशिवाय आपल्याकडे हा लेख पुरा होणार नाही, कारण भैरप्पा काही काळ हुबळीच्या काडसिद्धेश्वर महाविद्यालयात शिकवीत होते, आणि त्यावरचा चित्रपट आपल्या धारवाडच्या गिरीश कार्नाडांनी बी. व्ही. कारंतांबरोबर केला. मराठी वाचकांसाठी उमा कुलकर्णींचा अनुवाद आहे. तरुणपणी विधवा झालेली कात्यायनी पुन्हा लग्न करते आणि मुलाला सासऱ्याच्या वंशासाठी मागे ठेवावे लागते. तिनेही एक हक्क सोडलाच, फक्त कागदावर नव्हे. आणि ज्या सासऱ्याने वंशाच्या शुद्धतेवर आयुष्य उभारले, त्याला म्हातारपणी कळते की आपण स्वतःच त्या रक्ताचे नाही. आमेदेओ एस्पोझितो त्याला भेटता तर बरे झाले असते.

आता तो कागद.

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यात. बाबा आणि काका नोकरीसाठी हुबळीला आले त्याला तीस वर्षे होऊन गेली. गावी राहते ती आत्या, बाबांची थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती बेचाळीस वर्षे त्याच घरात. आजी-आजोबांची शेवटची दुखणी तिने काढली, म्हैस तिने सांभाळली, पावसाआधी कौले तिने चाळून घेतली. आजोबा बारा वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र न करता. आता बाबा-काकांनी घर विकायचे ठरवले आहे, आणि उताऱ्यावर दोघांचीच नावे यावीत म्हणून आत्याकडून हक्कसोड पत्र हवे आहे. कोणी वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते. आत्याने विक्रीनंतर हुबळीला आमच्याकडे राहायचे असे सर्वांच्या मनात आहे.

कायदा थोडक्यात असा. हिंदू वारसा कायदा १९५६चा. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत मुलीला मुलाबरोबर वाटा त्यानेच दिला. पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सेदार होण्याचा मान फक्त मुलांना होता. शिवाय त्यात एक तेवीस नंबरचे कलम होते. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी, भाऊ करतील तेव्हाच बहिणीला मागता येई. तोवर विधवा किंवा अविवाहित मुलीला तिथे नुसते राहण्याचा हक्क. म्हणजे सरस्वतीबाईंची जागा कायद्यात लिहून ठेवली होती म्हणा! कर्नाटकाने १९९४ साली मुलींना जन्मतः हिस्सेदार केले, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली, लग्न झालेले असो वा नसो, आणि ते तेविसावे कलमही गेले. त्यातली उरलेली शंका सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दूर केली: त्या दिवशी बाप हयात असण्याचीही अट नाही. तेव्हा आमचे घर पणजोबांचे असो की आजोबांचे, आत्याचा वाटा बाबांएवढाच. परीक्षेला हा प्रश्न मला दहा गुणांना आला होता आणि मी चांगला लिहिला होता. घरात मात्र तो कोणीच मोठ्याने म्हटलेला नव्हता, मीही नाही.

कागद कन्नडात होता. 'हक्कु बिडुगडे पत्र'. आत्याला कन्नड बोलता येते, बाजारापुरते. वाचता येत नाही. म्हणून गणपतीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा मला बोलावले. "काय लिवलंय ते नुसतं सांग की गं," आत्या म्हणाली, "सगळं वाचून काय करायचंय?" पण मी सगळे वाचले, एकेक ओळ मराठीत करून. चतुःसीमा वाचली. पूर्वेला कोणाचे घर, पश्चिमेला गावठाणाची वाट. कौलारू घर, गोठा, विहिरीत निम्मा हिस्सा, फणसाची दोन झाडे. मग आले की मी राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय, काहीही मोबदला न घेता, माझा सर्व हक्क भावांच्या नावे सोडीत आहे, आणि यापुढे माझा वा माझ्या वारसांचा त्यावर काही संबंध राहणार नाही. 'संबंध राहणार नाही' हे मराठीत करताना माझा आवाज जरा खाली आला असावा, कारण आत्याने "परत वाच" म्हटले. मी परत वाचले.

"आणि मी राहायचं कुठं, ते लिवलंय होय त्यात?"

"नाही, आत्या."

बाबा म्हणाले, "ते काय लिहायचं असतंय होय अक्का? तू आमच्याकडंच राहणार की."

"सगळंच तर लिवलंय की रे," आत्या म्हणाली. "फणसाची झाडं पण लिवलीत. हेच तेवढं लिवायचं नसतंय?"

काकांनी खिशातले पेन पुन्हा खिशात ठेवले. कोणी रागावले नाही. आत्याने कागदाची नीट घडी करून ती देव्हाऱ्यामागे ठेवली आणि म्हशीला वैरण घालायला उठली. संध्याकाळच्या बसने आम्ही परत आलो. बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. धारवाड आले तसे ते म्हणाले, "राहण्याचं कलम घालता येतं का गं त्यात?" मी म्हटले येते, राहण्याचेच काय, वाट्याचेही घालता येते. ते "हूं" म्हणाले.

मसुदा आता नव्याने लिहायचा ठरला आहे. त्याची मराठी प्रत मी करून द्यायची आणि ती आत्याजवळ आठ दिवस राहायची, मग सहीचे बघू, असा तिचा निरोप आहे. 'मरळि मण्णिगे' ग्रंथालयाला परत करायची तारीख मात्र कधीच उलटून गेली, आणि दंड बाबांनी भरला.